आत्याचं पार्कर ५१ : दुरुस्तीच्या नोंदी

८ जून २०२४, शनिवार, पुणे

आत्याचं पेन आज पेनवाल्या काकांच्या हाती दिलं. सकाळची सातारा-स्वारगेट विनाथांबा, तिथून सदाशिव पेठेपर्यंत चालत. काकांची खोली एका जुन्या इमारतीत जिन्याखाली आहे. एक टेबल, एक खिडकी, भिंतीला लहान लहान खणांचं कपाट आणि प्रत्येक खणावर चिकटवलेली चिठ्ठी.

त्यांनी पेनला लगेच हात लावला नाही. मला बसवलं, वही उघडली आणि विचारलं, "पेन कुणाचं? शेवटचं कधी चाललं? मधे कुणी उघडलंय का?" दवाखान्यात केसपेपर काढतात, अगदी तसं.

शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं. आत्या २०११ मध्ये गेली. तिच्या ट्रंकेत हे पेन मिळालं तेव्हाच निबचं टोक वाकलेलं होतं. पुढच्या वर्षी मी ते एका दुकानात दुरुस्तीला दिलं. तिथे पुढचं आवरण जोर लावून उघडायला गेले, त्याला तडा गेला आणि मग इन्स्टंट गोंद घालून सगळं बंद करून परत केलं. मला काही सांगितलं नाही. घरी आल्यावर उजेडात धरलं तेव्हा कळलं. त्यानंतर बारा वर्षं पेन कपाटात राहिलं, कारण पुन्हा कुणाच्या हातात द्यायचा धीर होत नव्हता.

काकांनी भिंगाखाली बराच वेळ पाहिलं आणि बोलत बोलत लिहून घेतलं. टोपण शाबूत, क्लिपवरच्या निळ्या हिऱ्याचा मीना अर्धा गेलेला. निबवरच्या आवरणाला, म्हणजे हूडला, केसासारखा तडा. हूडच्या आट्यांत गोंद. मागचा दट्ट्या दाबला की आत जातो, वर येत नाही. मागच्या छोट्या टोपणावर बारीक खड्डे. "हे दातांचे आहेत," ते म्हणाले.

मला माहीत नव्हतं. मी ते नुसते ओरखडे समजत होते.

खर्च विचारला. "उघडल्याशिवाय आकडा सांगत नाही, ताई." हे मला आवडलं.

९ जून, रविवार, सातारा

तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आहे. प्रयोगाची वही ठेवल्याशिवाय प्रयोग झाला असं मला वाटत नाही, म्हणून या कामाचीही वही. आज पार्श्वभूमी.

आत्या १९४७ मध्ये मॅट्रिक झाली. त्या वेळी आजोबांनी मुंबईहून हे पेन आणलं. घरात चार भाऊ होते, त्यांच्यातल्या कुणालाच असलं पेन मिळालं नाही, हे अजून बोललं जातं. बॅरेलवर बारीक अक्षरांत पार्कर ५१, मेड इन यू.एस.ए. आणि शेजारी ६ चा आकडा आहे. हा आकडा वर्षाचा, म्हणजे १९४६. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात जेन्सव्हिल गावी पार्करचा कारखाना होता, तिथलं हे पेन. घरची गोष्ट आणि पेनवरचा आकडा जुळतात.

पार्कर कंपनी १८८८ ची. १९३९ मध्ये तिला ५१ वर्षं झाली, त्यावरून पेनचं नाव. बाजारात ते १९४१ मध्ये आलं. त्या वेळची बहुतेक पेनं सेल्युलॉइडची असत. हे मात्र ल्युसाइटचं, म्हणजे आज आपण ॲक्रिलिक म्हणतो त्याचं. कारण शाईत होतं. पार्करने झटकन वाळणारी शाई काढली होती. ती इतकी अल्कधर्मी होती की सेल्युलॉइड तिच्यापुढे टिकत नव्हतं, ल्युसाइट टिकत होतं. निबही उघडी नाही, हूडच्या आत झाकलेली. फक्त टोक बाहेर डोकावतं, त्यामुळे निबवरची शाई सुकत नाही.

रंगाला कंपनीने सीडर ब्लू नाव दिलं होतं. मला तो पावसाळ्याच्या तोंडावरच्या अजिंक्यताऱ्याचा रंग वाटतो, निळा, हिरवा आणि राखाडी यांच्या मधला.

आत्या १९५१ ते १९८८ नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदी लिहायची. लग्न केलं नाही. घरात सगळ्यांचा समज असा की ती सगळी रजिस्टरं तिने या पेनने लिहिली. गावातली दोन पिढ्यांची नावं या निबखालून गेली, असं मी स्वतः कितीतरी वेळा कौतुकाने सांगितलं आहे.

२२ जून, शनिवार

फोनवर. हूड अजून सुटलेलं नाही. रोज कोमट पाण्यात भिजवायचं, कोरडं करायचं, गरम हवा द्यायची, हाताने पिळून बघायचं, न सुटल्यास पुन्हा पाण्यात. मूळ कारखान्यात हूड बसवायला लाख वापरली जायची. ती थोड्या उष्णतेने मऊ होते आणि हूड फिरवून निघतं. गोंदाचं तसं नाही. इन्स्टंट गोंद ओलाव्याने आणि उष्णतेने कमकुवत होतो खरा, पण अगदी हळूहळू. ॲसिटोनने मिनिटांत सुटला असता. पण ॲसिटोन ल्युसाइटलाच विरघळवतं. साधं स्पिरिटसुद्धा चालत नाही, त्याने ॲक्रिलिकवर बारीक चिरांचं जाळं उठतं. हे मी मुलांना पॉलिमरच्या धड्यात शिकवते. इथे त्याचा अर्थ असा की एका माणसाने पंधरा दिवस रोज थोडा थोडा वेळ द्यायचा.

२६ जून, बुधवार

हूड निघालं. अखंड. काकांनी फोन केला तेव्हा मी प्रॅक्टिकलमध्ये होते, बाहेर व्हरांड्यात जाऊन ऐकलं.

६ जुलै, शनिवार, पुणे

आज मागचा भाग उघडायचा होता. मी समोर बसून पाहू का, असं विचारलं होतं. काका म्हणाले, "बसा. मधे बोलू नका म्हणजे झालं."

हे कसं चालतं ते आधी लिहिते, नाहीतर पुढचं कळणार नाही. १९४८ पर्यंतच्या पार्कर ५१ मध्ये शाईची वेगळी पिशवी नसते. संपूर्ण बॅरेल हीच टाकी. मागच्या टोकाला एक रबरी पडदा असतो, मोज्याच्या टाचेसारखा, त्याला मागून दट्ट्या जोडलेला, दट्ट्याभोवती स्प्रिंग. निब शाईत बुडवून दट्ट्या दाबला की पडदा आत ढकलला जातो आणि टाकीतली हवा एका बारीक नळीतून बाहेर जाते. दट्ट्या सोडला की स्प्रिंग त्याला मागे आणते, पडदा ओढला जातो, मोकळ्या झालेल्या जागेत शाई चढते. नळीचं वरचं तोंड शाईच्या वर हवेत असतं, म्हणून पुढच्या दाबालाही हवाच बाहेर जाते, आत आलेली शाई जात नाही. असे आठ-दहा दाब दिले की पेन भरतं. साधी, सुंदर रचना. फक्त ती पूर्णपणे त्या रबरावर अवलंबून आहे आणि रबर म्हातारं होतं.

मागचा भाग साध्या पक्कडीने धरला तर आटे चिरडतात. काकांकडे त्यासाठी पितळी पान्हा आहे, त्याच्या आत त्याच मापाचे आटे पाडलेले. गरम हवा दिली, पान्हा बसवला, दोन्ही हातांनी धरला आणि थांबले. मग अगदी किंचित फिरवला. पुन्हा गरम हवा. साधारण चाळीस मिनिटांनी "टक्" असा आवाज आला. काकांनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं काहीतरी मोडलं. "सुटलं," ते म्हणाले.

आतून आलं ते रबर राहिलेलंच नव्हतं. डांबरासारखा चिकट काळा लगदा, काही भाग दगडासारखा कडक. पडद्याच्या टोकाला एक छोटा गोळा असतो, तो दट्ट्याच्या वाटीत दाबून बसवलेला, त्यामुळे पडदा दट्ट्याबरोबर हलतो. त्या वाटीतलं कडक रबर काकांनी दाताच्या डॉक्टरच्या आकड्यांनी कण कण करून काढलं. वाटीची कड फुटली तर नवा पडदा धरणार नाही. स्प्रिंगवर तपकिरी गंज होता. पडदा फाटल्यावर शाई मागे झिरपली आणि स्प्रिंगपर्यंत पोचली. हवेची नळी हात लावताच तुटली. ती नवी घालायची.

मग पुढचा भाग. हूडखाली जीभ आणि तिच्याभोवती कलेक्टर असतो, पातळ कंगोऱ्यांचा. हातात धरल्यावर पेन गरम होतं, आतली हवा फुगते, शाई पुढे लोटली जाते. ती जास्तीची शाई या कंगोऱ्यांमध्ये थांबते, कागदावर सांडत नाही. आत्याच्या पेनचे कंगोरे सुक्या शाईने भरून सपाट दिसत होते. साध्या पाण्यात टाकल्यावर निळ्या रेघा तळाकडे उतरू लागल्या. निदान चाळीस वर्षांपूर्वीची शाई. मी बराच वेळ नुसती बघत बसले.

दोन नमुने मागून घेतले. एका कुपीत कंगोऱ्यांतला सुका गाळ, दुसरीत मागच्या भागातला लगदा. काकांनी कशाला म्हणून विचारलं नाही.

निघताना निब भिंगाखाली धरून ते म्हणाले, "आत्याबाई डावखुऱ्या होत्या का?"

मी म्हणाले, "नाही. उजव्या हाताने लिहायची."

"मग माझी चूक असेल. टोकाचा दाणा झिजलाय, पण रोजच्या लिहिण्यात ज्या बाजूला झिजतो तिथे नाही, उलट्या बाजूला. या पेनची निब झाकलेली, त्यामुळे माणूस ती हातात कशीही फिरवून धरतो. नक्की नाही सांगत."

बसमध्ये तेच डोक्यात होतं.

९ जुलै, मंगळवार, कॉलेजची प्रयोगशाळा

तासांनंतर एक तास काढला.

मला सिद्ध करायचं होतं की गाळात लोह आहे. ऑफिसातली निळी-काळी शाई लोहाची असायची. हिराकस आणि टॅनिन यांची. लिहिताना फिकी, मग हवेतला ऑक्सिजन लागला की काळी पडते आणि कागदात मुरते, पाण्याने जात नाही. कायमच्या नोंदीसाठी तीच हवी. आत्याने सदतीस वर्षं ही शाई या पेनमध्ये भरली असेल तर कंगोऱ्यांत लोह सापडलंच पाहिजे, तो गाळ सहजासहजी निघत नाही.

निळा रंग चाचणीच्या आड येतो, म्हणून आधी तो घालवला. दोन्ही नमुने वेगवेगळ्या क्रुसिबलमध्ये जाळले. रंग सेंद्रिय असतो, जळून जातो. लोह राखेत राहतं. राख विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवली, त्यात पोटॅशियम थायोसायनेट. लोह असेल तर रक्तासारखा लाल रंग. सोबत एक परीक्षानळी नुसत्या आम्लाची आणि एक हिराकशीच्या जाळलेल्या राखेची, तुलनेसाठी.

मागच्या भागातला लगदा: गडद लाल. अपेक्षितच, स्प्रिंगचा गंज.

कंगोऱ्यांतला गाळ: नुसत्या आम्लाच्या नळीइतकाच, म्हणजे रंग नाही.

उरलेल्या गाळावर पुन्हा केली. तेच.

म्हणजे या पेनमध्ये ऑफिसची शाई कधी गेली नाही. लेखनिक टाक वापरायचे, बोरू वापरायचे, ऑफिसची पेनं असायची, हे माहीत असून मी कधी विचारच केला नव्हता. इतकी वर्षं जी गोष्ट सांगत आले ती खरी नव्हती. वाईट वाटलं, आणि पुढे बघायची उत्सुकताही वाटली. दोन्ही खरं.

१४ जुलै, रविवार

माळ्यावरून आत्याच्या घरखर्चाच्या वह्या काढल्या. एकोणीस सापडल्या, सगळ्यात जुनी १९५३ ची. शेजारी माझा जन्माचा दाखला ठेवला, १९६६ चा, आत्यानेच लिहिलेला. घरात तो नेहमी अभिमानाने दाखवला जायचा.

दाखल्यावरची शाई काळी, कडेने तपकिरी झालेली. अक्षर उजवीकडे झुकलेलं, सारखं, छापल्यासारखं.

वह्यांतली शाई निळी, कितीतरी पानांवर विटून आकाशी झालेली. अक्षर मोठं, मोकळं, डावीकडे कललेलं. याआधी मला हे दोन माणसांचं अक्षर वाटलं असतं. पण "ळ" ची गाठ दोन्हीकडे एकच आहे, आणि "तूर डाळ" ऐवजी "तुरडाळ" लिहिणारी आमच्या घरात एकटी तीच.

खिडकीशी नेऊन भिंगाने पाहिलं. शिरोरेषा! दाखल्यावर ती डावीकडून उजवीकडे ओढलेली, आपण सगळे ओढतो तशी. शेवटी उजव्या टोकाला रेघ निमुळती होते. वह्यांमध्ये उलट. शब्दाच्या उजव्या टोकाला शाईचा ठिपका, तिथून रेघ निघते आणि डावीकडे बारीक होत जाते. शब्द लिहून झाला की ती रेघ मागे ओढून घ्यायची. डाव्या हाताने निब उजवीकडे ढकलावी लागते, ती कागदात रुतते. मागे ओढली की सहज येते.

आणि फराटे. पानापानावर ओल्या शाईवरून हात फिरल्याचे. डाव्या हाताने लिहिणाऱ्याचा हात नुकत्याच लिहिलेल्या अक्षरांवरूनच पुढे जातो. १९५३ च्या वहीत ते जास्त आहेत, नंतर कमी होत जातात. मनगट खाली ठेवायला ती शिकली असावी, किंवा शेजारी टीपकागद ठेवत असेल. दोन वह्यांत टीपकागदाचे तुकडे अजून आहेत.

सगळी दुपार त्यात गेली. स्वयंपाक राहिला.

२१ जुलै, रविवार

अण्णांकडे गेले. आत्याचा सगळ्यात धाकटा भाऊ, वय ८४. वह्या सोबत नेल्या होत्या, पण दाखवाव्या लागल्या नाहीत.

"अण्णा, आत्या डावखुरी होती?"

"होती की."

"मला कुणी सांगितलं नाही."

"त्यात सांगायचं काय? शाळेत मास्तर डाव्या हातावर पट्टी मारायचे. मग उजव्यानं लिहायला लागली. ऑफिसात उजव्यानंच. रात्री सगळं आवरलं की दिवाणखान्यात हिशेब लिहायला बसायची, तेव्हा डाव्यानं. मी पाणी प्यायला उठायचो तेव्हा बघितलंय. मला म्हणाली होती, बाबांना सांगू नकोस."

"आजोबांना माहीत नव्हतं?"

अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. "पेन त्यांनीच आणलं ना," म्हणाले. "मला वाटतं माहीत असावं."

चहा झाल्यावर दातांच्या खड्ड्यांबद्दल विचारलं. बेरीज जुळली नाही की ती पेनची मागची बाजू चावायची, म्हणे. मी तिच्या मांडीवर वाढले आणि हे दृश्य मला आठवत नाही. ती माझ्या झोपेनंतर लिहायची.

३ ऑगस्ट, शनिवार, पुणे

नवा पडदा आणि हवेची नळी परदेशातून आली आहे. आज तीन निर्णय घ्यायचे होते.

पहिला तड्याचा. काकांकडे दुसऱ्या रंगाचं हूड होतं, पण मला हेच हवं होतं. मग जोड. डायक्लोरोमिथेनचा एक थेंब बारीक सुईच्या टोकावर घेऊन तड्याला टेकवला. केशाकर्षणाने तो आपोआप आत धावला, दोन्ही कडा क्षणभर विरघळल्या आणि एकमेकांत मिसळल्या. इथे कुठलाही गोंद नाही, तेच ल्युसाइट पुन्हा एक झालं. थेंब मोठा झाला तर बाहेरचा भाग खराब होतो. तीन वेळा केलं, दर वेळी मधे बराच वेळ सोडून. तडा अजून दिसतो, नखाला लागत नाही. मला तेवढं पुरे.

दुसरा झळाळीचा. बॅरेलवर बारा वर्षांचे कपाटातले आणि त्याआधीचे ओरखडे आहेत. काका म्हणाले, अगदी बारीक घासकापडाने आरसा करून देतो. पण जास्त घासलं की कोरलेली अक्षरं आणि वर्षाचा आकडा पुसट होतो, अशी पेनं त्यांच्याकडे येतात आणि ती परत आणता येत नाहीत. ठरवलं की अक्षरांच्या पट्ट्याला हात लावायचा नाही, बाकी हलकंसं. मागच्या छोट्या टोपणाला काहीच नाही. त्यांनी दातांच्या खुणांकडे बोट केलं. "या राहू देत," मी म्हणाले. त्यांनी वहीत लिहिलं, "खुणा ठेवणे."

तिसरा निबचा, आणि तिथे जास्त वेळ गेला. वाकलेलं टोक त्यांनी आधीच सरळ केलं होतं. चौदा कॅरेटचं सोनं मऊ असतं, पण ही निब सपाट नसून नळीसारखी गोल आहे, म्हणून लाकडी ठोकळ्यावर टेकवून गुळगुळीत पोलादी दांडीने दाबत दाबत, दर दाबानंतर भिंगाखाली बघत. दोन्ही पाती आता एका रेषेत आहेत, मधली फट प्रकाशात सरळ दिसते.

प्रश्न झिजलेल्या बाजूचा. "दाणा गोल करून तुमच्या हाताला बसवून देतो," काका म्हणाले. "दहा मिनिटं लागतील. नाहीतर तुम्हाला खरखर जाणवेल, कारण तुम्ही उजव्या."

घरखर्चाच्या वह्यांबद्दल, शिरोरेषेबद्दल, अण्णांबद्दल त्यांना सगळं सांगितलं. ते हातातलं काम ठेवून ऐकत होते. मी सांगितलं, तो उतार घालवू नका. वाकल्यामुळे जी नवीन बोचरी कड आली असेल तेवढीच काढा.

"तुम्ही वापरणार की शोकेसमध्ये ठेवणार?"

"वापरणार."

"मग तुम्हाला पेन फिरवून धरायला शिकावं लागेल."

"शिकते."

त्यांनी वहीत लिहिलं, "निब: झीज राखणे." आणि खाली दोन रेघा मारल्या.

१७ ऑगस्ट, शनिवार

फोनवर. नवा पडदा बसला. आधी मापात कापावा लागतो, लांब राहिला तर आत दुमडतो, तोकडा पडला तर दट्ट्या ओढून फाडतो. पीळ पडू नये म्हणून बाहेरून टाल्कम पावडर. पाण्याने भरून चाचणी झाली, दट्ट्या दर वेळी वर येतो आहे. स्प्रिंग साफ करून तीच ठेवली.

हूड बसवायला थांबले आहेत. पुण्यात आठवडाभर पाऊस आहे आणि दमट हवेत लाख नीट सुकत नाही, पांढरट पडते. लाख म्हटल्यावर मला आपली बांगड्यांची लाख आठवली, आणि ती तीच आहे. पळस, कुसुम, बोर या झाडांवरच्या किड्यांची राळ, स्पिरिटमध्ये विरघळवून पातळ केलेली. (स्पिरिट उडून जाईपर्यंत ते ल्युसाइटच्या बाहेरच्या अंगाला लागू नये, याची काळजी काका घेतात.) अमेरिकेतल्या कारखान्यात आपल्याकडच्या रानातल्यासारखी राळ या आट्यांत होती, आणि आता पुन्हा तीच. मला याचा फार आनंद झाला. पुढे कुणाला हे पेन उघडायचं झालं तर थोडी गरम हवा देऊन उघडता येईल. २०१२ च्या गोंदाने नेमकी हीच वाट बंद केली होती.

३१ ऑगस्ट, शनिवार, पुणे

पेन घेतलं. पुढच्या शनिवारी गणपती, त्या आधी काका सगळी कामं हातावेगळी करतात.

एकूण ३,८०० रुपये, त्यातले बरेचसे पडद्याचे आणि टपालाचे. जास्त द्यायला गेले तर घेतले नाहीत. जुन्या पडद्याचे तुकडे आणि तुटलेली नळी कागदाच्या पुडीत बांधून दिली, "तुमचं आहे ते" म्हणून. सूचना तोंडी दिल्या, मी लगेच लिहून घेतल्या: चमकणाऱ्या कणांची शाई नको, लोहाची शाई नको, दट्ट्या सावकाश दाबायचा आणि पूर्ण वर येऊ द्यायचा, पेन उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचं नाही.

पहिली अक्षरं काकांनीच काढून बघितली, त्यांच्या वहीत, आत्याच्या नोंदीखाली. "श्री" आणि तारीख. मग पेन डाव्या हातात घेतलं आणि एक आडवी रेघ ओढली, उजवीकडून डावीकडे. जराही आवाज न करता गेली. त्यांनी मला ती दाखवली आणि पेन पुसून दिलं.

१ सप्टेंबर, रविवार

कॉलेजच्या तराजूवर उद्या वजन करायचं होतं, धीर निघाला नाही, शेजारच्या सोनारांकडे जाऊन केलं. रिकामं आणि पाण्याने भरलेलं, फरक १.४ ग्रॅम. दहा दाब.

मग रॉयल ब्लू शाई.

उजव्या हातात नेहमीसारखं धरलं तर खरखरतं, काका म्हणाले तसंच. अंगठ्याने किंचित आत वळवलं की एक जागा येते जिथे आवाज थांबतो. ती जागा पुन्हा पुन्हा सुटते. संध्याकाळपर्यंत चार पानं लिहिली, त्यातलं शेवटचं बरं आहे. डाव्या हातानेही बघितलं. माझी अक्षरं बालवाडीतली आली, पण निब अजिबात अडली नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

चार आठवड्यांचा हिशेब. गळती नाही. रोज खिशात नेलं, पुण्याला दोनदा नेलं, टोपणात शाई आढळली नाही. दोन दिवस न वापरता ठेवलं तरी पहिल्या रेघेला चालतं. एकदाच एक थेंब पडला, पेन जवळजवळ रिकामं असताना हातात गरम झालं तेव्हा. ते कंगोऱ्यांच्या मर्यादेत बसतं, दोष म्हणून नोंदवत नाही. भरलेलं ठेवायचं.

निबची जागा आता न बघता सापडते. त्यासाठी मागच्या टोपणावरच्या दोन खोल खुणा उपयोगी पडतात. त्या तर्जनीच्या मुळाशी आल्या की पेन बरोबर वळलेलं असतं. टोपण दर वेळी तेवढंच घट्ट केलं तरच हे जमतं.

अण्णांना पत्र लिहिलं. त्यांचा फोन आला, अक्षर वाचता आलं म्हणाले, आणि पत्र कुठल्या शाईने लिहिलंस ते विचारलं.

ही नोंद आणि मागच्या दोन याच पेनने. पाण्याने धुणं: १० नोव्हेंबर, रविवार. धुतलेल्या पाण्याचा नमुना ठेवायचा, लोहासाठी पुन्हा एकदा बघायचं, स्प्रिंगचा गंज परत सुरू झाला आहे का ते त्यावरून कळेल.